मोठ्या डॉक्टरांनी काय सांगितले, ते तुमच्या डॉक्टरांना कोण सांगणार?



‘मोठ्या डॉक्टरांनी काय सांगितलं?’ हा प्रश्न मी माझ्या दवाखान्यात रोज विचारतो. उत्तरेही साधारण ठरलेली असतात. ‘काही नाही म्हणाले, गोळ्या बदलल्यात.’ ‘सगळं नॉर्मल आहे, पण महिन्याने परत बोलावलंय.’ ‘ते सगळं फाइलमध्ये आहे, डॉक्टर.’ मग पिशवीतून फाइल निघते. तिच्यात रक्ताचे रिपोर्ट असतात, सोनोग्राफी असते, इको असतो, मेडिकलच्या पावत्या असतात, दोन वर्षांपूर्वीचा चष्म्याचा नंबरही असतो. नसते ते एवढेच: त्या स्पेशालिस्टला नेमका आजार काय वाटला, जुनी गोळी का काढली, नवी किती दिवस द्यायची, आणि मधल्या काळात तुमच्या जवळच्या डॉक्टरने कशावर लक्ष ठेवायचे.

आजचा लेख त्या न लिहिलेल्या ओळींबद्दल आहे. विषय डॉक्टर-डॉक्टरांमधला वाटेल, पण त्याची किंमत पेशंटच मोजतो.

एक उदाहरण सांगतो. ओळख पटू नये म्हणून तपशील थोडे बदलले आहेत. साठीच्या एक बाई. सकाळी उठल्यावर तास-दीड तास हाताची बोटे आखडलेली राहायची, मनगटे सुजायची. त्यांच्या फॅमिली डॉक्टरांना बरोबर शंका आली आणि त्यांनी बाईंना एका मोठ्या रुग्णालयात संधिवाताच्या तज्ज्ञांकडे पाठवले. निदान झाले रुमॅटॉइड आर्थ्रायटिस. औषध सुरू झाले मेथोट्रेक्सेट. निदान बरोबर, औषधही बरोबर. जगभर या आजारात हेच औषध बहुधा पहिले दिले जाते.

पण या गोळीची एक खासियत आहे. ती आठवड्यातून एकदाच घ्यायची असते. चिठ्ठीवर इंग्रजीत तसे लिहिले होते. ओपीडीत तोंडीही सांगितले होते, असे नंतर सुनेने सांगितले. घरी मात्र बीपीची गोळी रोज, थायरॉइडची रोज, म्हणून हीसुद्धा रोज सुरू झाली. काही दिवसांत बाईंचे तोंड आले. त्या जवळच्या डॉक्टरांकडे गेल्या. ‘सांध्याच्या गोळ्या चालू आहेत’ एवढेच म्हणाल्या. त्या डॉक्टरांच्या हातात रुग्णालयाचा एक शब्दही नव्हता. तोंड आल्यावर कोणीही देईल तेच त्यांनी दिले: बी-कॉम्प्लेक्स आणि लावायला मलम. गोळी चालूच राहिली. पुढे ताप आला आणि बाई माझ्याकडे आल्या. रक्तातल्या पांढऱ्या पेशी फार खाली गेल्या होत्या, प्लेटलेटही कमी. दाखल करून या औषधाचा उतारा, म्हणजे फोलिनिक ॲसिड द्यावे लागले. त्या बऱ्या झाल्या. हे असे झालेले सगळेच बरे होत नाहीत.

‘पण मग चूक कोणाची?’ असे त्यांच्या मुलाने मला तीनदा विचारले. मी त्याला नाव दिले नाही, कारण एकट्याचे नाव देता येत नव्हते. तज्ज्ञांनी बरोबर औषध दिले. फॅमिली डॉक्टरांनी समोर दिसले त्यावर इलाज केला. सुनेने सासूला गोळ्या वेळेवर दिल्या. तज्ज्ञ आणि फॅमिली डॉक्टर मात्र एकमेकांशी बोललेच नव्हते. निरोप्याचे काम बाईंवर टाकलेले होते, आणि निरोप काय आहे हे बाईंना धड माहीत नव्हते.

त्या दिवशी रुग्णालयातून फॅमिली डॉक्टरांच्या नावे पुढचा एवढाच कागद आला असता तर काय झाले असते, ते पाहा:

‘प्रिय डॉक्टर, आपण पाठवलेल्या रुग्णाला रुमॅटॉइड आर्थ्रायटिस आहे. मेथोट्रेक्सेट आठवड्यातून एकदाच, दर रविवारी, सुरू केले आहे. फॉलिक ॲसिड दर बुधवारी. रोज देऊ नये. दोन आठवड्यांनी सीबीसी, लिव्हर आणि क्रिएटिनिनची तपासणी करावी, ती आपल्याकडे झाली तरी चालेल. तोंड येणे, ताप, कोरडा खोकला किंवा धाप असेल तर गोळी थांबवून मला कळवावे. को-ट्रायमॉक्साझोल देऊ नये. आधीची डायक्लोफेनॅक बंद केली आहे. पुढची भेट दोन महिन्यांनी.’

लिहायला तीन-चार मिनिटे लागतात. यातली प्रत्येक ओळ कामाची आहे. को-ट्रायमॉक्साझोलचेच घ्या. लघवीच्या जंतुसंसर्गासाठी वापरले जाणारे हे जुने, स्वस्त औषध. मेथोट्रेक्सेटबरोबर ते पोटात गेले की अस्थिमज्जेवर, म्हणजे रक्तपेशी जिथे तयार होतात तिथेच, घाव पडू शकतो. लघवीला जळजळ होते म्हणून तुम्ही परळला जाणार नाही, कोपऱ्यावरच्या दवाखान्यात जाणार. म्हणजे ही माहिती ज्याला लागणार, तो माणूस कोपऱ्यावर बसलेला आहे.

आता तुम्हाला वाटेल, डॉक्टर फार मागतायत. मी काहीही जास्तीचे मागत नाही. भारतीय वैद्यक परिषदेच्या २००२च्या आचारसंहितेत हे लिहिलेलेच आहे. नियम ३.६. त्याचा आशय असा: रुग्णाला तज्ज्ञाकडे पाठवताना उपचार करणाऱ्या डॉक्टरने त्याच्या आजाराचा गोषवारा तज्ज्ञाला द्यावा, आणि तज्ज्ञाने आपले मत त्या डॉक्टरला लेखी कळवावे. लेखी, हा शब्द लक्षात ठेवा. २०२३च्या ऑगस्टमध्ये राष्ट्रीय वैद्यक आयोगाने नवी नियमावली आणली, पण त्याच महिन्यात तिला स्थगिती मिळाली आणि २००२चीच नियमावली चालू राहिली. म्हणजे वीस वर्षांहून अधिक काळ हा नियम आहे, आणि तुमच्यापैकी किती जणांनी असे पत्र पाहिले आहे? मला माझ्या टेबलावर असे पत्र आले की मी ते दोनदा वाचतो, इतके ते दुर्मिळ आहे.

नियमाचा पहिला भाग मात्र आमच्या, म्हणजे खालच्या डॉक्टरांच्या बाजूचा आहे, आणि तिथे आमचीही बाजू फार उजळ नाही. माझ्याकडे एमडी म्हणून आसपासचे फॅमिली डॉक्टर पेशंट पाठवतात. त्यातल्या कित्येक चिठ्ठ्यांवर पेशंटचे नाव, वय आणि ‘फॉर फर्दर मॅनेजमेंट’ हे तीन शब्द असतात. काय झाले, किती दिवसांपासून, काय देऊन पाहिले, कशाची ॲलर्जी आहे, काही नाही. ज्याने प्रश्नच विचारला नाही त्याला उत्तर कोण लिहिणार? शिवाय विक्रोळीत अनेक घरांचे फॅमिली डॉक्टर बीएएमएस किंवा बीएचएमएस आहेत. काही स्पेशालिस्टांना त्यांना पत्र लिहिणे कमीपणाचे वाटते. पदव्यांचा वाद स्वतंत्र आहे, त्यात आज शिरत नाही. पण रात्री अकराला छातीत दुखले तर तुम्ही ज्यांची बेल वाजवता, त्यांना तुमच्या हृदयात स्टेंट आहे हे ठाऊक असायलाच हवे, पदवी कोणतीही असो.

स्पेशालिस्ट का लिहीत नाहीत? ‘वेळ नाही’ हे पहिले उत्तर, आणि सरकारी-महापालिकेच्या ओपीडीत ते खरे आहे. विक्रोळीचा माणूस मोठ्या ओपीडीसाठी घाटकोपरला राजावाडीला जातो, त्याहून अवघड असेल तर शीवला लोकमान्य टिळक किंवा परळला केईएम. तिथल्या सकाळच्या रांगा तुम्ही पाहिल्या आहेत. समोरचा निवासी डॉक्टर पंचवीस-सव्वीस वर्षांचा असतो, रात्रपाळी करून आलेला असतो, आणि त्याच्यामागे दारापर्यंत माणसे उभी असतात. त्याच्याकडून मी सुंदर पत्राची अपेक्षा करत नाही. गंमत अशी की पालिकेच्या रुग्णालयात निदान केस पेपर पेशंटच्या हातात राहतो, आणि त्यावर वाचता येईल-न येईल अशा अक्षरात का होईना, डॉक्टरचा विचार लिहिलेला असतो. खासगीत छापील, सुबक, रंगीत प्रिस्क्रिप्शन मिळते आणि त्यावर विचार मात्र नसतो. फक्त औषधे.

आणि तेवढी औषधेही पूर्ण चित्र देत नाहीत. कारण चिठ्ठीवर काय सुरू केले ते लिहिलेले असते. काय बंद केले ते कोणीच लिहीत नाही. माझ्या मते पूर्ण गोंधळाचे मूळ इथे आहे. समजा, ॲम्लोडिपिनने पायांना सूज येत होती म्हणून हृदयरोगतज्ज्ञांनी ती काढली आणि टेल्मिसार्टन दिली. चिठ्ठीवर फक्त नवी गोळी. घरी जुन्या पट्टीत अजून वीस गोळ्या आहेत. टाकून कशा द्यायच्या? म्हणून दोन्ही चालू. किंवा उलट: पेशंट जुनी थांबवतो, महिन्याने बीपी थोडे वर दिसते, आणि सुजेची कथा माहीत नसलेले जवळचे डॉक्टर तीच ॲम्लोडिपिन पुन्हा देतात. पाय पुन्हा सुजतात. मग सूज उतरवायला लघवीची गोळी. टेल्मिसार्टनच दोन वेगळ्या कंपन्यांच्या नावांनी सकाळ-संध्याकाळ घेणारे पेशंट तर मला नियमित भेटतात. पट्टीचा रंग वेगळा, नाव वेगळे, डॉक्टर वेगळे; आत औषध एकच.

किडनीचे सांगायलाच हवे. क्रिएटिनिन थोडे वाढलेले असते, किडनीतज्ज्ञ तपासतात, सांगतात ‘पेनकिलर घेऊ नका’. हे तोंडी. पेशंटच्या डोक्यात पेनकिलर म्हणजे डोकेदुखीची गोळी. गुडघा धरला की ते ‘गुडघ्याचे इंजेक्शन’ घ्यायला जवळच्या दवाखान्यात जातात. तेही पेनकिलरच असते हे त्यांना कळायचे कारण नाही. देणाऱ्याला कळले असते, पण त्याला क्रिएटिनिन कोणी सांगितले नाही.

दुसरे एक कारण आहे, ज्याबद्दल आम्ही डॉक्टर उघड बोलत नाही. ‘रेफर’ हा शब्दच आपल्याकडे डागाळला आहे. चिठ्ठी म्हटले की कमिशन, असा लोकांचा समज आहे आणि तो हवेतून आलेला नाही. २०१७ साली राज्य सरकारने कट प्रॅक्टिसविरोधी कायद्याचा मसुदा करायला समिती नेमली होती, यावरून आजार किती जुना होता ते कळेल. त्यामुळे काही चांगले पेशंटही तज्ज्ञांपुढे आपल्या फॅमिली डॉक्टरचे नाव घेत नाहीत, आणि काही चांगले तज्ज्ञही विचारत नाहीत. मला हे उलटे वाटते. कटाचा व्यवहार पेशंटच्या पाठीमागे होतो. मी म्हणतो ते पत्र पेशंटच्या हातात उघडे असते, त्याने ते वाचावे अशीच अपेक्षा असते. दोन डॉक्टरांमध्ये लेखी काही असेल तर लपवायला जागा कमीच उरते.

इंग्लंडमध्ये काय आहे ते थोडक्यात सांगतो. तिथे जवळपास प्रत्येक माणूस एखाद्या जीपीकडे, म्हणजे फॅमिली डॉक्टरकडे, नोंदलेला असतो आणि सर्वसाधारणपणे तज्ज्ञाकडे जायची वाट त्याच्या दारातून जाते. तिथल्या सरकारी आरोग्यसेवेच्या कराराने एप्रिल २०१८पासून ओपीडीचे पत्र ७ दिवसांत जीपीकडे पोहोचवणे रुग्णालयांना बंधनकारक केले. पण मला त्याहून आवडलेली गोष्ट दुसरी आहे. त्याच २०१८मध्ये तिथल्या वैद्यक महाविद्यालयांच्या शिखर संस्थेने डॉक्टरांना सांगितले की हे पत्र थेट पेशंटच्या नावाने, त्याला समजेल अशा भाषेत लिहा आणि प्रत जीपीला पाठवा. म्हणजे पत्राचा मालक पेशंट. आपल्याकडे तर ते मराठीत लिहिता येईल. ‘दर रविवारी एकच गोळी, बाकी दिवशी नाही’ हे मराठीत लिहिले असते तर त्या सुनेने सासूला रोज गोळी दिली नसती.

इथे कोणीतरी म्हणेल, आता सगळे मोबाइलवर येणार आहे. आयुष्मान भारत डिजिटल मिशन २७ सप्टेंबर २०२१ला देशभर सुरू झाले, १४ अंकी आभा क्रमांक मिळतो, तुमच्या संमतीने तुमचे रिपोर्ट एका डॉक्टरकडून दुसऱ्याकडे जाऊ शकतात. चांगली गोष्ट आहे, काढून ठेवा. पण त्याने माझा प्रश्न सुटेल असे मला वाटत नाही. माझ्याकडे रिपोर्टची टंचाई नाही. व्हॉट्सॲपवर रोज फोटो येतात (आणि फोटोत नेमका तारखेचा कोपरा कापलेला असतो). कमी आहे ती त्या रिपोर्टकडे पाहून तज्ज्ञांनी काय ठरवले ही माहिती. ती जोवर कोणी लिहीत नाही, तोवर क्लाउडवर साठवायला काय आहे? १९९६ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने रघुनाथ रहेजा खटल्यात रुग्णाला त्याच्या कागदपत्रांच्या प्रती मिळाल्याच पाहिजेत असे स्पष्ट केले, ते मोठे काम झाले. पण प्रत लिहिलेल्याची मिळते.

मला विचाराल तर सर्वांत स्वस्त सुधारणा केस पेपर छापणाऱ्या प्रेसमध्ये करता येईल. नाव, वय, पत्ता यांच्या खाली एक रकाना: ‘फॅमिली डॉक्टरचे नाव व मोबाइल’. मी पाहिलेल्या बहुतेक केस पेपरवर तो नसतो. रकाना असला की क्लार्क विचारतो, विचारले की पेशंट सांगतो, आणि समोर नाव दिसले की डॉक्टरच्या मनात येते की हा माणूस परत कुणाकडे तरी जाणार आहे. खाली आणखी दोन ओळींची जागा: ‘बंद केलेली औषधे’ आणि ‘फॅमिली डॉक्टरने काय पाहावे’. याला ना सॉफ्टवेअर लागते ना निधी.

यात तज्ज्ञांचाही फायदा आहे. दर पंधरा दिवसांनी फक्त रक्ताचा रिपोर्ट दाखवायला विक्रोळीहून परळला जाणाऱ्या माणसाचा एक दिवसाचा रोज बुडतो, म्हणून दोन-तीन खेपांनंतर तो जाणेच सोडतो. ‘मधले रिपोर्ट आपण पाहा, अमुक आकड्याच्या वर गेले तर पाठवा’ असे कोणी लिहून दिले तर ते काम मी इथे करीन, ओपीडीतली रांग तेवढी कमी होईल, आणि उपचारही सुटणार नाही.

पेशंटांना दोन गोष्टी सांगायच्या आहेत, आणि त्यातली पहिली जरा नाजूक आहे. अनेक जण आम्हाला न सांगता दुसऱ्या डॉक्टरांकडे जातात आणि ‘डॉक्टरांना वाईट वाटेल’ म्हणून लपवतात. वाटतेही एखाद्याला, नाही असे नाही. ते आमचे आम्ही पाहू. तुम्ही कुठेही दाखवलेत तरी दोन्हीकडे सांगा. स्टेंट झाल्यावर रक्त पातळ करणाऱ्या दोन गोळ्या चालू असताना दात काढायला जाणारा माणूस दंतवैद्याला काहीच सांगत नाही, किंवा स्वतःच्या मनाने आठवडाभर गोळ्या बंद ठेवतो. दोन्ही धोक्याचे आहे.

दुसरी गोष्ट, ओपीडीत जाताना चालू असलेल्या सगळ्या गोळ्यांच्या पट्ट्या एका पिशवीत घेऊन जा, आयुर्वेदिक आणि होमिओपॅथीच्याही. नावे पाठ करायची गरज नाही. तपासून झाल्यावर, खुर्चीतून उठायच्या आधी, एवढेच म्हणा: ‘डॉक्टर, आमच्या फॅमिली डॉक्टरांसाठी दोन ओळी लिहून द्याल का? कुठली गोळी बंद केली तेही लिहा.’ वेळ नसेल तर तोंडी सांगतील ते त्यांच्यासमोरच कागदावर लिहून घ्या आणि वाचून दाखवा. आवाज नम्र ठेवा, पण मागा. कोणी ओरडले तरी तुम्ही काही वावगे मागितलेले नाही.

मी गेली काही वर्षे माझ्यापुरती एक पद्धत ठेवली आहे. पेशंट पाठवताना एका कागदाच्या वरच्या अर्ध्या भागात मी आजार, चालू औषधे, ॲलर्जी आणि माझा नेमका प्रश्न लिहितो. खालचा अर्धा भाग उत्तरासाठी कोरा, त्यावर माझा फोन नंबर. माझ्याकडे कोणी पेशंट पाठवला तर उत्तर मी त्याच कागदावर लिहून परत देतो. बरेच कागद कोरेच परत येतात, हे सांगायला हरकत नाही. काही मात्र भरून येतात, आणि राजावाडीतल्या एका तरुण निवासी डॉक्टरने तर मागच्या बाजूलाही लिहून पाठवले होते. या कागदाचा कोरा नमुना दवाखान्यात काउंटरवर ठेवलेला असतो. माझे पेशंट नसलात तरी न्या, त्याचे पैसे नाहीत. वरचा भाग तुमच्या डॉक्टरांकडून भरून घ्या आणि ओपीडीच्या दिवशी फाइलमध्ये सगळ्यात वर लावा, चष्म्याच्या नंबराखाली नको.